‘एक्स-पाइप लावा, चाळीस एचपी फुकट’ : जुन्या व्ही-एटच्या एक्झॉस्टबद्दल फिरणाऱ्या दाव्याचा प्रतिवाद

जुन्या अमेरिकी मसल कारच्या हौशी मंडळींत ड्युअल एक्झॉस्टबद्दल, म्हणजे व्ही-एट इंजिनाच्या दोन बाजूंना धुराचे दोन वेगळे पाइप असण्याबद्दल, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्या दोन पाइपांना जोडणाऱ्या तुकड्याला, क्रॉसओव्हरला, इंग्रजी अक्षराच्या आकारावरून एच-पाइप किंवा एक्स-पाइप म्हणतात. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: “एच-पाइप जुनाट झाला. एक्स-पाइप टाका, ३०-४० एचपी नक्की वाढतात. पाइप तीन इंचीच घ्या. मात्र थोडं बॅक प्रेशर ठेवा, नाहीतर टॉर्क मरतो आणि व्हॉल्व्ह जळतात. क्रॉसओव्हर जागा मिळेल तिथे बसवा. सायलेन्सर जितका कडक वाजेल तितका तो मोकळा. आणि हायवेवर गाडी घुमते तो तिचा स्वभावच, त्याला इलाज नाही.”

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण तो जसाच्या तसा पाळला तर पैसे जातात, गिअरबॉक्स उतरवताना डोकं धरायची वेळ येते आणि गाडीचा मूळ आवाजही हरवतो. म्हणून एकेक वाक्य घेऊ. उदाहरणाला १९७० ची शेव्हेल मालिबू धरू: ३५० घनइंची इंजिन, फोर-बॅरल कार्बोरेटर, कारखान्याचा आकडा ३०० एचपी.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करायला हवा, कारण सुटे भाग मागवताना तो महागात पडतो. या गाड्यांत ‘क्रॉसओव्हर’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पहिली, एकेरी एक्झॉस्टच्या गाडीत इंजिनाखालून दोन्ही मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारे ओतीव भाग) जोडणारा पाइप. दुसरी, हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला, कार्बोरेटरचा तळ गरम करणारा आडवा मार्ग. तिसरी, ड्युअल एक्झॉस्टच्या दोन पाइपांना जोडणारा एच किंवा एक्स. इथे विषय तिसऱ्याचा आहे. अमेरिकी मंडळी ज्याला मफलर म्हणतात त्याला आपण सायलेन्सर म्हणतो, म्हणून पुढे सगळीकडे सायलेन्सरच लिहिलं आहे.

“एच जुनाट, एक्सने ३०-४० एचपी नक्की”

क्रॉसओव्हर नेमकं काय करतो हे समजलं की हा आकडा आपोआप डळमळतो. शेवरलेच्या स्मॉल-ब्लॉकचा (लहान व्ही-एट; मालिबूचं ३५० त्यातलंच) फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे. विषम सिलिंडर ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूला. सम सिलिंडर उजवीकडे. अख्खं इंजिन धरलं तर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दर ९० अंशांना एक सिलिंडर पेटतो, अगदी नियमित. आता फक्त डावी बाजू मोजा: १ नंतर ३ यायला २७० अंश, ३ नंतर ५ ला १८०, ५ नंतर ७ लगेच ९० अंशांवर, मग पुन्हा १ ला १८०. उजवीकडे तीच गत, तिथे ८ आणि ४ एकापाठोपाठ येतात. फोर्डच्या २८९ घनइंची इंजिनाचा क्रम वेगळा आहे, १-५-४-२-६-३-७-८, आणि सिलिंडरांचे नंबरही वेगळ्या रीतीने दिलेले (१ ते ४ उजवीकडे, ५ ते ८ डावीकडे), पण चित्र हेच: उजवीकडे ४ आणि २, डावीकडे ७ आणि ८ एकमेकांच्या अंगावर येतात.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ९० अंशांपेक्षा कितीतरी जास्त वेळ उघडा असतो. त्यामुळे ५ चा वायू अजून पाइपात असतानाच ७ चा त्यावर येऊन आदळतो. दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या असतील तर हा दुहेरी लोंढा एकट्या डाव्या सायलेन्सरला झेलावा लागतो आणि त्या क्षणी उजवा जवळपास मोकळा बसलेला असतो. एच किंवा एक्स टाकला की लोंढ्याचा काही भाग दुसऱ्या बाजूला वळतो. क्रॉसओव्हरचा फायदा मुख्यतः इथून येतो.

यातून सरळ निष्कर्ष निघतो: सायलेन्सर जितका घुसमटवणारा, तितका क्रॉसओव्हरचा उपयोग जास्त. सायलेन्सर आधीच मोकळे आणि पाइप पुरेसे असतील तर वाटून घ्यायला दाबच उरत नाही. म्हणून एकच एक्स-पाइप एका गाडीत जाणवतो आणि दुसरीत डायनोच्या (शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) रेषेवर शोधूनही सापडत नाही. ३०-४० एचपी दाखवणाऱ्या तुलना नीट वाचल्या तर एक्ससोबत हेडर (ओतीव मॅनिफोल्डच्या जागी बसणारा, प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला संच), मोठे पाइप आणि नवे सायलेन्सरही बसलेले असतात. सगळं श्रेय मात्र एक्सला दिलेलं असतं. सुस्थितीतल्या सव्वादोन किंवा अडीच इंची ड्युअल सिस्टिमवर फक्त एच काढून एक्स टाकला तर ३०० एचपीच्या इंजिनात तेवढा फरक पडायला जागाच नाही.

आणि एच ‘जुनाट’ कसा? क्रायस्लरच्या ४४० घनइंची मॅग्नम गाड्यांना तो कारखान्यातूनच येत असे. दोन बाजूंचा दाब सम करायला तो पुरतो.

खरा फरक आवाजात आहे. व्ही-एटचा तो ‘गुडगुड’ ठेका जन्मतो एका बाजूच्या ९०-१८०-२७०-१८० अशा विषम अंतरांतून. एच-पाइप दोन्ही बाजूंचे ठोके थोडेच मिसळतो, म्हणून ठेका राहतो आणि आवाज खाली, जाड होतो. एक्स-पाइप ठोके पुरते मिसळतो. मग प्रत्येक टेलपाइपला जवळपास सम अंतरावर ठोके मिळतात आणि आवाज गुळगुळीत, वरच्या पट्टीतला, रेसच्या गाडीसारखा होतो. क्रॉसओव्हर नसेल तर ठेका सर्वांत ओबडधोबड ऐकू येतो. १९६० च्या दशकातल्या गाडीचा ओळखीचा आवाज हवा असेल तर एच घ्या. इंजिन बराच वेळ ५,००० आरपीएमच्या वर राहणार असेल आणि तो तीक्ष्ण स्वर आवडत असेल तर एक्स. ही निवड कानाची आहे, तिला एचपीचा मुखवटा लावू नये.

“पाइप तीन इंचीच घ्या”

पाइपाचा व्यास ठरवायला एक जुना, कामाला येणारा हिशेब आहे. एका एचपीसाठी साधारण २.२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) एक्झॉस्ट मोकळा जायला हवा, आणि सरळ पाइपाच्या आतल्या प्रत्येक चौरस इंचातून सुमारे ११५ सीएफएम जातो. बाहेरचा व्यास नव्हे, आतला धरायचा. १६ गेजच्या पाइपाची जाडी ०.०६५ इंच असते, म्हणजे अडीच इंची पाइप आतून २.३७ इंच. क्षेत्रफळ ४.४१ चौरस इंच, प्रवाह ५०७ सीएफएम, म्हणजे एका पाइपाला २३० एचपी आणि जोडीला ४६०. याच रीतीने दोन इंची जोडी सुमारे २८७ एचपीपर्यंत पुरते, सव्वादोन इंची ३६९ पर्यंत, तीन इंची ६७६ पर्यंत.

आता मालिबूचे ३०० एचपी बघा. तेही ‘ग्रॉस’ आकडे, म्हणजे गाडीची स्वतःची एक्झॉस्ट सिस्टिम न जोडता टेस्ट बेंचवर मोजलेले. अमेरिकी कंपन्या १९७१-७२ च्या सुमारास ‘नेट’ आकड्यांवर आल्या आणि छापील एचपी एकदम उतरले, ते काही अंशी याचमुळे. त्या फुगवलेल्या आकड्यालाही सव्वादोन इंची जोडी पुरून उरते. कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड, हेडर बदलून ४०० च्या पुढे जायचा बेत असेल तर अडीच इंची. तीन इंची जोडीची खरी गरज ५०० च्या बरीच वर लागते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. कलेक्टरच्या, म्हणजे हेडरच्या नळ्या एकत्र येतात त्या तोंडाच्या, मागचा पाइप गरजेपेक्षा मोठा झाला म्हणून टॉर्क फार पडतो, असं नाही. टॉर्क पडतो हेडरच्या प्रायमरी नळ्या, म्हणजे सिलिंडरपासून निघणाऱ्या, जास्त रुंद घेतल्या तर, कारण तिथे वायूचा वेग कामाचा असतो. रस्त्यावरच्या ३५० ला १⅝ इंची प्रायमरी बहुतेक वेळा योग्य. तीन इंची पाइपाचा तोटा वेगळा आहे. तो एक्सलवरून जाताना शॉक अब्सॉर्बर, पेट्रोलची टाकी आणि स्प्रिंग यांच्यामधून निघत नाही, जमिनीकडे लोंबतो, वजन वाढवतो, आणि तेवढ्या पोकळीतला आवाज दाबायला आणखी मोठा सायलेन्सर लागतो.

व्यासापेक्षा वळण जास्त नडतं. प्रेसवर दाबून वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो आणि अडीच इंची पाइपातून सव्वादोन इंचीइतकंच तोंड उरतं. मँड्रेलवर, म्हणजे आत आधार घालून, वाकवलेल्या पाइपाचा व्यास वळणातही कायम राहतो. दाबलेल्या वळणांचा तीन इंची पाइप आणि मँड्रेलचा अडीच इंची यांत निवड असेल तर दुसरा घ्या. एका सिस्टिममध्ये एक्सलवरचीच चार-सहा वळणं असतात, तोटा तिथे साठत जातो.

“थोडं बॅक प्रेशर लागतंच”

हे वाक्य सर्वांत चिवट. आपल्याकडे बुलेटच्या गॅरेजमध्येही हेच ऐकू येतं. त्याच सल्ल्यात तीन इंची पाइपही सांगितलेला असतो, म्हणजे एका दमात दाब कमी करा आणि ठेवा, दोन्ही.

बॅक प्रेशर म्हणजे पिस्टन वर येताना ज्या दाबाविरुद्ध जळका वायू ढकलावा लागतो तो. त्याने इंजिनाची शक्ती खर्च होते आणि जळका वायू सिलिंडरमध्ये मागे राहून नव्या मिश्रणाची जागा अडवतो. हवी असते ती दुसरीच गोष्ट. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून सुटते. ५०० अंश सेल्सिअसच्या वायूत तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास असतो. प्रायमरी नळी कलेक्टरमध्ये रुंदावते तिथून ती लाट उलटून ओढ घेऊन परत येते. ती दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना पोहोचली तर उरलासुरला वायू खेचून काढते. ही ओढ नळीच्या लांबी-व्यासातून मिळते, सायलेन्सर घुसमटवून नाही.

मग मोकळा एक्झॉस्ट लावल्यावर गाडी ‘मंदावली’ असं लोकांना खरंच का वाटतं? बहुतेक वेळा कार्बोरेटरमुळे. सिलिंडर नीट रिकामा होऊ लागला की हवा जास्त ओढली जाते आणि जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडतं. गाडी अडखळते, गरम होते. ताणून चालवली तर व्हॉल्व्ह जळतो, आणि खापर कमी बॅक प्रेशरवर फुटतं. उपाय जेटमध्ये आहे. हॉली कार्बोरेटरमध्ये दोन नंबर मोठा जेट घालून सुरुवात करा. क्वाड्राजेट कार्बोरेटरमध्ये प्रायमरीचे जेट-रॉड आणि सेकंडरीचे रॉड दोन्ही पाहावे लागतात. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १२.८ आणि संथ चालीला १४ च्या आसपास हवा-पेट्रोल गुणोत्तर मिळेपर्यंत बदला. सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं पातळ मिश्रण दाखवतो. आधी गळती, मग जेट.

बॅक प्रेशर कमी केल्याने शक्ती वाढते हे कारखान्यांनाही ठाऊक होतं. १९७० च्या पॉन्टिअॅक जीटीओला एक ऐच्छिक सोय मिळत होती: डॅशबोर्डखालची मूठ ओढली की व्हॅक्युमवर चालणारे पडदे सायलेन्सरमध्ये उघडायचे आणि वाट मोकळी व्हायची. कंपनीने ती थोड्याच काळात बंद केली. बॅक प्रेशरची गरज असती तर ते कमी करायला मूठ कुणी दिली असती?

अंदाजापेक्षा मोजणं सोपं आहे. दोन्ही बाजूंना कलेक्टरच्या मागे पाइपाला १/८ इंची पाइप-थ्रेडचा बंग (आत आटे असलेला छोटा तुकडा) वेल्ड करा. त्याला फूटभर लोखंडी किंवा तांब्याची नळी, म्हणजे उष्णता तिथेच मरते, आणि पुढे रबरी नळीने ०-१५ पीएसआयचा गेज. दुसऱ्या माणसाला गेज वाचायला बसवा आणि बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर पूर्ण थ्रॉटलने सर्वोच्च शक्तीच्या आरपीएमपर्यंत न्या. १ पीएसआयच्या आसपास असेल तर एक्झॉस्टवर आणखी खर्च करू नका. ३ च्या वर असेल तर कुठेतरी खरीच घुसमट आहे. दोन बाजूंत मोठा फरक असेल तर दोष एकाच बाजूला.

आणि तो दोष बऱ्याचदा क्रॉसओव्हरच्या किंवा सायलेन्सरच्या जागी नसतोच! मूळ ओतीव मॅनिफोल्ड असलेल्या स्मॉल-ब्लॉकला उजव्या बाजूला हीट रायझरची झडप असते. थंड इंजिनात ती मिटून गरम वायू इनटेकखालून फिरवते. पन्नास वर्षांच्या गंजाने ती मिटलेलीच अडकते आणि अख्खी उजवी बाजू घुसमटते. हाताने हलत नसेल तर भेदक तेल, ठोका, नाहीतर तिच्या जागी बसणारी कडी. दुसरा लपलेला शत्रू म्हणजे दुहेरी भिंतीचा मूळ हेड पाइप, म्हणजे मॅनिफोल्डला जोडलेला पहिला पाइप: बाहेरून ठणठणीत, आतली भिंत कोसळलेली. बाहेरून ठोकून नेमकं कळत नाही, काढून टॉर्चने आरपार पाहावं लागतं. या दोन गोष्टी न पाहता एक्स-पाइप विकत घेणं म्हणजे नळ तुंबला असताना बादली बदलणं.

“क्रॉसओव्हर जागा मिळेल तिथे बसवा”

मिळेल तिथे नाही. कलेक्टरच्या जितका जवळ आणि दोन्ही कलेक्टरपासून जितका सारख्या अंतरावर, तितका चांगला. सायलेन्सरच्या तोंडाशी टाकलेला एच बहुतेक दिखाऊच. पाइपावर रंगाचा पट्टा ओढून, गाडी ताणून, रंग जळणं जिथे थांबतं तिथे क्रॉसओव्हर टाका अशी एक युक्ती सांगतात. पट्टा फक्त पाइपाचं तापमान दाखवतो, क्रॉसओव्हरची योग्य जागा नव्हे. रस्त्यावरच्या गाडीत जागा शेवटी गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबरच (त्याला आधार देणारा आडवा दांडा) ठरवतो.

एच साधारणपणे गिअरबॉक्सच्या पोटाखाली किंवा क्रॉसमेंबरच्या लगेच मागे बसतो. एक्समध्ये दोन्ही पाइप मध्यावर एकत्र येतात, तिथे वर प्रोपेलर शाफ्ट असतो, म्हणून एक्स बहुतेक वेळा क्रॉसमेंबरच्या मागे आणि खाली लोंबतो. उतरवलेल्या स्प्रिंगच्या गाडीत स्पीड ब्रेकरला आधी तोच लागतो. ड्युअल एक्झॉस्टच्या शेव्हेलला दोन्ही बाजूंना कमान असलेला क्रॉसमेंबर लागतो. एकेरी एक्झॉस्टच्या गाडीचं रूपांतर करताना तो आधी बदला, मग पाइप वाकवा.

गिअरबॉक्स कधी ना कधी उतरवावा लागणारच. क्लच बदलताना, सील गळताना. म्हणून क्रॉसओव्हरचा तुकडा सुटा निघायला हवा: पुढे कलेक्टरला तीन बोल्टचा फ्लँज, मागे रुंद पट्टीचे क्लॅम्प. सगळं एकसंध वेल्ड करून दिलेली सिस्टिम दिसायला सुबक, पण क्लच प्लेटसाठी ती कटरने कापावी लागते. यू-बोल्टचे क्लॅम्प पाइप चिमटतात, नंतर तो जोड सुटत नाही; स्टेनलेसच्या रुंद पट्टीला थोडे जास्त पैसे द्या. एकात एक सरकणाऱ्या जोडात किमान दीड ते दोन इंच पाइप आत जायला हवा.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती न दिसणाऱ्या ठिकाणी. एचचा आडवा पाइप मुख्य पाइपाच्या व्यासाच्या जवळपास असावा आणि त्याच्यासाठी कापलेलं भोकही तेवढंच. घाईत काम करणारा वेल्डर मुख्य पाइपाला इंचभराचं भोक पाडतो आणि वरून सव्वादोन इंची तुकडा चिकटवतो. बाहेरून सुरेख एच, आतून चाळणी. मुख्य पाइप जोडण्याआधी टोकातून टॉर्च मारून पाहा, बोट फिरवून वेल्डचे थेंब आत लोंबत नाहीत ना तेही बघा. स्वस्त एक्समध्ये दोन वाकवलेले पाइप पाठीला पाठ लावून मध्ये नुसती चीर ठेवलेली असते. त्या खिडकीचं क्षेत्रफळ एका पाइपाच्या क्षेत्रफळापेक्षा कमी असेल तर तो नावाचाच एक्स. भोक आतून बघू न देणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नये.

मोकळी जागा गाडी चाकांवर उभी असतानाच तपासा. दोन खांबी लिफ्टवर एक्सल खाली लोंबतो आणि टेलपाइप व एक्सल यांतलं अंतर खोटं दिसतं. फरशी, प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकची केबल, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या यांच्यापासून किमान अर्धा ते पाऊण इंच, आणि पेट्रोलच्या नळीपासून शक्य तितकं जास्त, नाहीतर उन्हाळ्यात व्हेपर लॉक (नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) ठरलेला. रेस दिल्यावर इंजिनाची ड्रायव्हरकडची बाजू वर उचलली जाते, म्हणजे एचही तिरका होतो. क्रॉसमेंबरला तो उभ्या गाडीत चिकटत नसला तरी धावताना ठोकू शकतो. मॅन्युअल गाडीत क्लचचा आडवा रॉड डाव्या हेड पाइपाच्या अगदी जवळून जातो, तिथेही हीच तपासणी.

“जितका आवाज तितका मोकळा”

आवाज आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायलेन्सरचे मुख्य प्रकार पाहिले की हे कळतं. मूळ कारखान्याचा सायलेन्सर वायूला उलट-सुलट फिरवतो: शांत, पण अडवणारा. ‘टर्बो’ सायलेन्सरमध्ये वायू एस आकारात फिरतो; नाव आलं टर्बो लावलेल्या शेवरले कोरव्हेर गाडीच्या सायलेन्सरवरून, जो हॉट रॉडवाल्यांनी मोकळा म्हणून उचलला. चेंबरवाल्यात लोखंडी आडभिंती असतात, भरण काहीच नसतं. कडक, धातूचा आवाज आणि गाडीच्या आत जास्तीत जास्त घुमणं. त्याच मापाच्या सरळ-आरपार सायलेन्सरपेक्षा त्यातून वायू सहसा कमी जातो, तरी वाजतो जास्त. सरळ-आरपार प्रकारात छिद्रांची नळी आणि भोवती भरण असतं. त्याचं कवच लांब घेतलं, १४ ऐवजी १८-२० इंच, तर तो एकाच वेळी मोकळा आणि सभ्य राहतो.

ग्लासपॅकबद्दल सावध राहा. तत्त्व तेच, पण कवच बारीक. आतली नळी दोन तऱ्हेची येते: गुळगुळीत छिद्रांची किंवा पाकळ्या आत उचललेल्या जाळीची. पाकळ्यांची जाळी प्रवाहात टोचते. गुळगुळीत नळीपेक्षा ती स्पष्टपणे जास्त अडवते. काचेचं भरण उष्णतेने झिजून मागून उडून जातं आणि पहिल्या महिन्यात आवडलेला आवाज वर्षा-दोन वर्षांत असह्य होतो.

सायलेन्सरवर छापलेला सीएफएम आकडा वाचताना तो कोणत्या दाबफरकाला मोजला ते पाहा. वरचा २.२ चा हिशेब १.५ इंच पाऱ्याला, म्हणजे सुमारे २०.४ इंच पाण्याला धरलेला आहे. आकडा २८ इंच पाण्याला मोजला असेल तर ०.८५ ने गुणा: ४०० चे ३४० होतात. मालिबूला ३०० × २.२ = ६६० सीएफएम हवेत, म्हणजे प्रत्येकी ३३०. ते ३४० वाले दोन पुरतात, तेही काठावर. दाबफरक छापलेलाच नसेल तर त्या आकड्यावर निवड करू नका.

कायद्याचा मुद्दा अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी महत्त्वाचा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला धुराच्या तपासणीतून सूट आहे, पण आवाजातून नाही: ६,००० पौंडांखालच्या गाडीत बदललेल्या एक्झॉस्टला ९५ डेसिबलची मर्यादा आहे.

“हायवेवर घुमणं हा स्वभावच”

हे अजिबात मान्य करू नका. घुमण्याला वारंवारिता असते आणि ती मोजता येते. व्ही-एटमध्ये क्रँकच्या एका फेरीला चार ठोके, म्हणजे २,००० आरपीएमला सेकंदाला १३३. अनेक जण जुन्या गाडीला ओव्हरड्राइव्ह असलेला पाच-गिअरचा बॉक्स बसवतात आणि घुमणं त्यानंतरच सुरू होतं. २७ इंची टायर, ३.५५ चा एक्सल, ताशी ६५ मैल: चौथ्या थेट गिअरमध्ये इंजिन २,८७० आरपीएमवर असतं, ०.६८ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये १,९५० वर. गाडी नेमकी त्या पट्टीत येऊन थांबते जिथे केबिन घुमते. म्हणून गिअरबॉक्स बदलायचा असेल तर सायलेन्सर त्यानंतर निवडा.

पहिला इलाज टेलपाइप. सायलेन्सरच्या मागे एक्सलच्या आधीच पाइप सोडून दिला तर आवाज थेट फरशीवर आदळतो. तो एक्सलवरून बंपरच्या बाहेर काढा. दुसरा, रबरी हँगर. लोखंडी पट्टीने चेसिसला घट्ट बांधलेला पाइप अख्खी फरशी लाउडस्पीकरसारखी वाजवतो. हे करूनही राहिलं तर बंद टोकाची शाखा-नळी: मुख्य पाइपाच्याच व्यासाची, एका टोकाला मुख्य पाइपाला उघडी, दुसरीकडे बंद. लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले वारंवारितेची चौपट. या बंद नळीतला वायू थंड असतो, १५० अंशांच्या आसपास, तिथे वेग सेकंदाला ४१२ मीटर धरा. १३३ हर्ट्झला लांबी ७७ सेंटिमीटर, साडेतीस इंच येते. प्रत्येक बाजूला एक. सुरुवातीला चार इंच जास्त ठेवा आणि टोकाला तात्पुरतं झाकण क्लॅम्पने लावून, गाडी चालवून इंच-इंच कापत जा. वारंवारिता फोनवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपने घेता येते, फक्त त्या वेळी फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या.

कामाचा क्रम असा ठेवा: हीट रायझर आणि हेड पाइप, दाबाची मोजणी, पाइपाचा व्यास, सायलेन्सर, आणि मग एच की एक्स. अधूनमधून, पण पूर्ण गरम होईपर्यंत चालणाऱ्या गाडीला अॅल्युमिनाइज्ड पोलाद पुरतं, मात्र वेल्डपाशी लेप जळतो, तिथे उष्णता सोसणारा रंग लावा. सायलेन्सरच्या तळाचं पाणी निघायचं बारीक भोक खालच्या बाजूलाच येऊ द्या. सगळं बसल्यावर व्हॅक्युम क्लीनरचं फुंकणारं तोंड टेलपाइपात कोंबा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथे गळती. गाडी पूर्ण गरम करून पूर्ण थंड झाली की हेडरचे बोल्ट आणि कलेक्टरचे फ्लँज पुन्हा आवळा, आणि दोनशे मैलांनंतर आणखी एकदा.